जहाजाच्या पोटातली माणसे

मोठ्या क्रूझ जहाजांवर हल्ली एक निराळी सहल विकत मिळते. जहाज समुद्रात चाललेले असते आणि सहल त्याच जहाजाच्या आत निघते. तिकिटाशिवाय जादा पैसे भरले की प्रवाशांच्या एका लहान गटाला जहाजाची एरवी बंद दारामागे असणारी बाजू दाखवतात. हजारो माणसांचे जेवण रांधणारे स्वयंपाकघर, धान्य-भाजीची कोठारे, शीतगृहे, चादरी-टॉवेल धुणारे धुलाईघर, कचरा वेगळा करण्याची जागा, नाट्यगृहाची मागची बाजू, इंजिनाचा नियंत्रण कक्ष, आणि शेवटी 'ब्रिज', म्हणजे कप्तान जिथून जहाज चालवतो ती जागा. कार्निव्हल कंपनीने या सहलीला 'बिहाइंड द फन' असे नाव दिले, रॉयल कॅरिबियनने 'ऑल ॲक्सेस टूर'. बऱ्याच ठिकाणी फोटो काढायला मनाई असते.

या सहलीत प्रवासी एका लांबलचक बोळातून जातात. कर्मचाऱ्यांची सगळी ये-जा याच बोळातून चालते. वर गालिचे आणि झुंबरे असतात, इथे उघडे पाइप, लोखंडी दारे आणि ढकलगाड्या. अमेरिकी जहाजांवर या बोळाला तिथल्या एका महामार्गाच्या नावावरून 'आय-95' म्हणतात, ब्रिटिश जहाजांवर 'बर्मा रोड'. प्रवाशांच्या नकाशात तो नसतो, पण जहाज चालते ते त्याच्या जोरावर.

पूर्वी यातले बरेचसे फुकट होते. कप्तानाची मर्जी असली तर प्रवाशाला ब्रिजवर जाता येई, मुख्य इंजिनिअरने हो म्हटले तर इंजिनही पाहता येई. 11 सप्टेंबर 2001 नंतर जगभर सुरक्षेचे नियम कडक झाले आणि 1 जुलै 2004 पासून जहाजे व बंदरे यांच्या सुरक्षेची आंतरराष्ट्रीय नियमावली लागू झाली. दारे बंद झाली. मग तीच दारे ठरावीक वेळी, ओळख तपासून, पैसे घेऊन उघडू लागली.

चिमूरसारख्या गावात बसून यावर लिहिण्याचे कारण काय, असे कोणी विचारेल. समुद्र आमच्यापासून शेकडो किलोमीटर लांब आहे. आमच्याकडे पाहुणे येतात ते ताडोबाचा वाघ पाहायला. पण हिंदी महासागरातल्या आगबोटींच्या त्या बंद दारामागे शे-सव्वाशे वर्षे जी माणसे काम करत होती, त्यांत मुसलमानांची संख्या फार मोठी होती, आणि मुंबईहून सुटणाऱ्या जहाजांवर कोकणातले मराठी मुसलमान मोठ्या प्रमाणात होते. आपल्या इतिहासाचा हा भाग आपणच फारसा पाहिलेला नाही.

भिंत कधी उभी राहिली

शिडाच्या जहाजावर पडद्यामागे असे काही नव्हते. दोर ओढणे, शीड चढवणे, सुकाणू धरणे हे सगळे उघड्यावर चाले. नाखुदा, खलाशी आणि प्रवासी एकाच आकाशाखाली असत.

वाफेने हे बदलले. मुंबईच्या गोदीत बांधलेली 'ह्यू लिंडसे' ही आगबोट 20 मार्च 1830 रोजी मुंबईहून सुएझकडे निघाली. मुंबई ते सुएझ हा आगबोटीचा पहिला प्रवास. तिच्या कोठीत मावणारा कोळसा एवढ्या लांबच्या प्रवासाला अजिबात पुरणारा नव्हता. म्हणून मिळेल त्या जागी, अगदी प्रवाशांच्या दालनापर्यंत कोळसा भरावा लागला. त्या पहिल्या प्रवासात प्रवासी आणि कोळसा यांच्यात भिंत नव्हती. पुढे जहाजे मोठी झाली, 1869 साली सुएझ कालवा खुला झाला, मुंबई-लंडन हा नेहमीचा रस्ता झाला, आणि कोळसा, भट्ट्या व त्यांच्याजवळची माणसे पाण्याच्या पातळीखाली गेली. वरच्या माणसाला फक्त धुराडे दिसे.

खालच्या माणसांना इंग्रज 'लस्कर' म्हणत. फारसी 'लश्कर' शब्द पोर्तुगिजांच्या तोंडून फिरून आला आणि त्याचा अर्थ फौजेऐवजी हिंदी खलाशी असा झाला. मुंबईहून सुटणाऱ्या पी. अँड ओ. कंपनीच्या जहाजांवर कामाची वाटणी साधारण ठरलेली असे. डेकवर रत्नागिरी किनाऱ्यावरचे मुसलमान आणि गुजरात किनाऱ्यावरचे खारवी. भट्टीपाशी पंजाब, मीरपूर, अटक या भागांतले मुसलमान. जेवणघरात आणि खोल्यांत वाढपी-नोकर म्हणून गोव्याचे ख्रिस्ती. कलकत्त्याहून सुटणाऱ्या जहाजांवर भट्टीचे काम सिल्हेटचे लोक करत. एकेका जहाजावर तीन-तीन स्वयंपाक वेगळे शिजत.

भट्टीत कोळसा टाकणारा तो आगवाला. कोठीतून कोळसा ओढून आणणारा तो कोयलावाला. यंत्राला तेल देणारा तेलवाला. लाल समुद्रात उन्हाळ्यात भट्टीघराचा पारा पन्नास अंशांच्या वर जाई. चार तास काम, आठ तास सुट्टी, पुन्हा चार तास, असा पहारा चाले. रमजान आला तरी पहारा तोच. वरच्या डेकवर त्याच वेळी साहेब लोक ताडपत्रीच्या सावलीत खुर्च्या टाकून बसलेले असत.

या सगळ्यांवर सारंग. माणसे भरती करणारा तोच, बहुतेक आपल्याच गावातली, आपल्याच नात्यातली. हुकूम साहेबाचा, पण तो खाली पोहोचे सारंगाच्या तोंडून. घरी पैसे पाठवण्यापासून भांडण मिटवण्यापर्यंत सगळे त्याच्याकडे. त्याने मदत केली, तसेच नोकरी लावून देण्याचे पैसेही घेतले. सारंगाला फक्त जुलमी म्हणणे चुकीचे आणि फक्त आधारवड म्हणणेही चुकीचे.

भिंत लोखंडाची होती तशी कायद्याचीही होती. हिंदी खलाशाचा करारनामाच वेगळा असे. त्याचा पगार त्याच जहाजावरच्या गोऱ्या खलाशाच्या साधारण तिसऱ्या-चौथ्या हिश्शाएवढा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गोऱ्या खलाशाला झोपण्या-राहण्यासाठी 120 घनफूट जागा देणे बंधनकारक झाले, तेव्हा लस्कराच्या वाट्याला होती 36 घनफूट. कंपन्यांना लस्कर का आवडत, याचे उत्तर या आकड्यांत आहे. 1914 साली ब्रिटिश व्यापारी जहाजांवर सुमारे 51 हजार लस्कर होते. म्हणजे जवळजवळ दर सहा माणसांत एक.

खालच्या मजल्याची भाषा

मी शाळेत उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. म्हणून या माणसांची भाषा मला त्यांच्या कामाइतकीच महत्त्वाची वाटते. रत्नागिरीचा डेकवाला, मीरपूरचा आगवाला, गोव्याचा वाढपी आणि स्कॉटलंडचा इंजिनिअर यांनी एकमेकांशी बोलायचे कसे? त्यातून जहाजाची एक बोली तयार झाली. तिला 'लस्करी' म्हणत. पाया हिंदुस्तानीचा, म्हणजे आज आपण जिला बोलचालीची उर्दू म्हणू तिचा. वर अरबी, फारसी, पोर्तुगीज, मराठी, गुजराती, बंगाली आणि इंग्रजी शब्दांची भर. गोऱ्या अधिकाऱ्यांना ती शिकावीच लागे. टॉमस रोबक याने 1811 साली कलकत्त्यात या बोलीचा कोश छापला, आणि 1882 साली जॉर्ज स्मॉल याने तो सुधारून 'लस्करी डिक्शनरी' या नावाने पुन्हा काढला.

या बोलीतले शब्द पाहा. मालिम, म्हणजे कप्तानाच्या हाताखालचा अधिकारी. मूळ अरबी 'मुअल्लिम', शिकवणारा. सुकाणी, म्हणजे सुकाणू धरणारा. कसाब, म्हणजे सामानाच्या कोठीवरचा माणूस. खाटकाशी त्याचा संबंध नाही. भंडारी, म्हणजे स्वयंपाकी. टोपास, म्हणजे सफाई करणारा. पुढच्या डोलकाठीला 'त्रिकट' म्हणत, तो शब्द पोर्तुगिजांकडून आला. खाली सोड म्हणायचे तर 'आरिया', वर ओढ म्हणायचे तर 'हबेस'. यांतला 'आरिया' पोर्तुगीज आहे. हे दोन हुकूम आजही गोदीत आणि बांधकामावर क्रेनखाली ऐकू येतात. ते देणाऱ्याला माहीत नसते की तो लस्करी बोलतो आहे.

आता आपल्या मराठीकडे पाहू. राज्याचे सुकाणू, संस्थेचे सुकाणू, हे शब्द वर्तमानपत्रात रोज येतात. सुकाणू आला अरबी 'सुक्कान'वरून. खलाशी अरबीतून आला. बंदर आणि दर्या फारसीतून. सारंग हा फारसी 'सरहंग', म्हणजे सरदार. नाखवा हा फारसी 'नाखुदा', नावेचा धनी. सारंग, तांडेल, नाखवा ही आडनावे कोकण किनाऱ्यावर मुसलमानांत आढळतात, तशीच हिंदू दर्यावर्दी जातींतही. एकाच नावेवर, एकाच हुद्द्यावर दोघांचे पूर्वज उभे राहिले होते, याचा हा सरळ पुरावा आहे. उर्दू आणि मराठी म्हणजे दोन वेगळ्या वस्त्या, असे जे लोक मानतात, आणि ते दोन्ही बाजूंना आहेत, त्यांनी ही यादी एकदा वाचावी. समुद्रावर या दोन भाषांनी एकत्र मजुरी केली आहे.

शिबलींचे जहाज थांबले तेव्हा

उर्दू शिकलेल्या बहुतेकांना एक प्रसंग ठाऊक असतो. मे 1892. अल्लामा शिबली नोमानी मुंबईहून जहाजाने निघाले होते. तुर्कस्तान, शाम आणि मिसर पाहायचे होते. त्याच जहाजावर अलीगढ कॉलेजातले त्यांचे सहकारी प्रोफेसर आर्नल्ड होते, जे पुढे लाहोरला इक्बालांचे उस्ताद झाले. वाटेत एके दिवशी जहाजाचे इंजिन बंद पडले. कप्तान आणि त्याची माणसे घाबरून धावपळ करू लागली. शिबली घाबरले आणि आर्नल्डकडे गेले. पाहतात तर आर्नल्ड शांतपणे पुस्तक वाचत बसलेले. शिबलींनी विचारले तेव्हा त्यांचे उत्तर साधारण असे होते की जहाज बुडणारच असेल तर उरलेला थोडा वेळ फारच मोलाचा आहे, तो वाया कसा घालवावा? काही तासांनी इंजिन दुरुस्त झाले आणि जहाज पुढे निघाले. शिबलींनी हा प्रसंग आपल्या सफरनाम्यात लिहिला आणि तिथून तो वर्गावर्गांत पोहोचला.

वर्गात या प्रसंगाचा धडा ठरलेला असतो: इल्मची मोहब्बत, वेळेची कदर. धडा चांगलाच आहे. मुलांना तो सांगितलाही पाहिजे. पण एक प्रश्न कोणी विचारत नाही. इंजिन दुरुस्त कोणी केले? आर्नल्ड वाचत होते आणि शिबली काळजीत होते, त्या तासांत तापलेल्या लोखंडाजवळ उतरून कोणीतरी हात घातलाच असेल. इंजिनिअर असेल, त्याच्यासोबत तेलवाला असेल, आगवाल्यांची पाळी असेल. जहाज चालले ते त्यांच्यामुळे. वरची दोन माणसे उर्दू अदबच्या तारीखमध्ये गेली, तसा त्यांचा हकही होता. खालची माणसे त्या वाक्यात 'इंजिन दुरुस्त झाले' एवढीच उरली. क्रियापद राहिले, कर्ता गेला. मुलांना व्याकरण शिकवताना मी हे वाक्य मुद्दाम घेतो.

हाजींना सगळे दिसत होते

प्रवाशांचा एक वर्ग असा होता की ज्याला पडद्यामागचे पाहण्यासाठी पैसे भरावे लागले नाहीत. तो म्हणजे हाजी.

विदर्भातले हाजीही रेल्वेने मुंबईला जात, मुसाफिरखान्यात उतरत आणि जहाजाची वाट पाहत. गरीब हाजी डेकचे तिकीट काढी. एकोणिसाव्या शतकातल्या कायद्याने त्याला माणशी 9 चौरस फूट जागा ठरवून दिली होती. तेवढ्यात वळकटी, तांदूळ-डाळीची पोती, चूल आणि बऱ्याच जणांच्या सामानात घडी घातलेला कफन. स्वयंपाक डेकवरच. शेजारी कोळशाचा ढीग, पायाखाली इंजिनाची धग. लाल समुद्रात कामरान बेटावर विलगीकरणात दिवस काढायचे ते वेगळेच.

इथे पर्यटनाच्या इतिहासातली एक गोष्ट सांगितली पाहिजे. हज प्रवासातल्या हालांबद्दल ओरड वाढली तेव्हा 1886 साली हिंदुस्थान सरकारने हाजींची वाहतूक सोपवली ती टॉमस कुक कंपनीकडे. आधुनिक सहलींचा धंदा ज्या घराण्याने उभा केला त्याच घराण्याची ही कंपनी. तोटा झाला तर तो सरकार भरून देणार, असा करार होता. 1890 च्या दशकाच्या मध्यापर्यंत तो संपला. सहलीच्या कंपनीला त्या काळात एक गोष्ट कळली असेल. साहेबाच्या सहलीत जहाजाचे पोट झाकावे लागते, आणि गरीब हाजीला त्या पोटातच बसवले जाते.

त्याआधीची एक घटना याहून भयंकर आहे. ऑगस्ट 1880 मध्ये 'जेद्दाह' नावाची आगबोट पेनांगहून सुमारे एक हजार हाजींना घेऊन जिद्दाकडे चालली होती. वादळात तिचे बॉयलर जागचे हलले आणि पाणी आत येऊ लागले. हाजींनी इंजिनघरातले पाणी उपसायला हात लावला. आणि गोरा कप्तान व त्याचे अधिकारी रात्री एका होडीत बसून जहाज सोडून गेले. दुसऱ्या जहाजाने त्यांना उचलले. एडनला पोहोचून त्यांनी सांगितले की जहाज बुडाले. लवकरच तेच जहाज, 'अँटेनॉर' नावाच्या दुसऱ्या आगबोटीच्या मदतीने, हाजींसह एडनच्या बंदरात येऊन उभे राहिले. चौकशी झाली, कप्तानाचा परवाना तीन वर्षांसाठी स्थगित झाला. जोसेफ कॉनरॅडने या घटनेवरून 1900 साली 'लॉर्ड जिम' कादंबरी लिहिली. जगाने ती वाचली. कादंबरीचा नायक मात्र पळून गेलेला अधिकारी आहे. पाणी उपसणारे हाजी मागेच राहिले.

मुंबईहून हाजींची जहाजे नेणारी मोठी कंपनी मोगल लाइन. 1877 साली ती 'बॉम्बे अँड पर्शिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी' म्हणून सुरू झाली, पुढे सरकारी मालकीत आली आणि 1986 साली शिपिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडियात विलीन झाली. 'एम. व्ही. अकबरी' या जहाजाची हज यात्रा 1995 साली थांबली आणि मुंबईहून हज विमानानेच होऊ लागली. चार-पाच तासांच्या विमान प्रवासात हाजीची गाठ वैमानिकाशीही पडत नाही. जहाजाने गेलेले हाजी मात्र आगवाल्याला ओळखत होते. दोघे एकाच जमातीत नमाजला उभे राहत.

सोने वर आले, नावे राहिली

20 मे 1922 रोजी पी. अँड ओ.चे 'इजिप्त' हे जहाज लंडनहून मुंबईकडे येताना फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ धुक्यात एका मालवाहू जहाजाशी टक्कर होऊन वीस मिनिटांच्या आत बुडाले. जहाजावर 44 प्रवासी आणि 294 कर्मचारी होते. हे प्रमाण लक्षात घ्या. 86 माणसे गेली: 15 प्रवासी, 71 कर्मचारी. लंडनच्या वर्तमानपत्रांनी लगेच लस्करांवर खापर फोडले, की ते घाबरले आणि होड्यांकडे धावले. चौकशीत दिसले ते असे की होड्या उतरवण्याचा सराव आणि शिस्त नीट राखली गेली नव्हती, आणि त्याचा ठपका कप्तान व मुख्य अधिकाऱ्यावर आला. पण 'इजिप्त'चे नाव आज घेतले जाते ते तिसऱ्याच कारणाने. जहाजावर सोने होते. इटालियन पाणबुड्यांनी 1930 च्या दशकात ते समुद्रतळातून काढले आणि त्या पराक्रमावर पुस्तके आली. सोन्याचा हिशेब लागला. त्या 71 जणांत आपल्या किनाऱ्यावरचे किती होते, हे विचारायला कोणी खाली उतरले नाही.

दुसऱ्या महायुद्धातले उदाहरण 'सिटी ऑफ बनारस'. 17 सप्टेंबर 1940 च्या रात्री जर्मन पाणबुडीने हे जहाज अटलांटिकमध्ये बुडवले. बॉम्बहल्ल्यांपासून वाचवण्यासाठी 90 इंग्रज मुलांना कॅनडात नेले जात होते. त्यांतली 77 मुले गेली. ही गोष्ट वाचताना आजही गळा दाटतो, आणि तिची आठवण राखली जाते ते योग्यच आहे. त्याच रात्री त्याच जहाजावरचे सुमारे शंभर लस्करही गेले. अटलांटिकच्या थंडीत, उघड्या होड्यांत. मुलांची गोष्ट सांगताना त्यांचा उल्लेख आला तर एका ओळीत येतो.

पहिल्या महायुद्धात साडेतीन हजारांच्या आसपास हिंदी खलाशी गेले, दुसऱ्यात सहा हजारांहून अधिक. मुंबईत मस्जिद बंदरजवळच्या इंडियन सेलर्स होममध्ये पहिल्या युद्धातल्या दोन हजारांहून अधिक दर्यावर्दींचे स्मारक आहे. समुद्राशिवाय ज्यांना दुसरी कबर नाही, अशांचे. शेजारच्या रस्त्याने रोज हजारो माणसे जातात.

ही माणसे मुकाट्याने सोसत होती असेही नाही. सप्टेंबर 1939 मध्ये युद्ध सुरू होताच लंडनपासून दक्षिण आफ्रिकेपर्यंतच्या बंदरांत हिंदी खलाशांनी काम बंद केले. मागण्या काय होत्या? पगारवाढ, गरम कपडे. शेकडो जण तुरुंगात गेले, पण पगार वाढवावा लागला.

1942 म्हटले की आम्हा चिमूरकरांना 16 ऑगस्ट आठवतो. त्या दिवशी आमचे छोटे गाव इंग्रज सत्तेविरुद्ध उठले आणि त्याची किंमत चुकवून देशाच्या इतिहासात गेले. त्याच महिन्यांत रत्नागिरीचा एखादा सारंग इंग्रजांच्याच निशाणाखाली पाणबुड्यांच्या तोंडात कोळसा आणि धान्य वाहत होता. मग तो कोणाच्या बाजूचा? मला वाटते, हा प्रश्न त्याला विचारणे अन्यायाचे आहे. तो घरच्यांच्या पोटासाठी तिथे होता, आणि तरीही 1939 साली त्याच मालकापुढे काम बंद करून उभा राहिला होता. देशाच्या इतिहासात चिमूरला जागा आहे, तशी त्यालाही हवी.

आपला वरचा डेक

हा सगळा दोष इंग्रजांच्या किंवा कंपन्यांच्या माथी मारून आपण मोकळे होतो, पण आपल्या घरातही तेच चालते. आपल्या जलशांत, तकरिरींत, शाळेच्या भाषणांत मुसलमानांचा इतिहास सांगताना कोण येतात? बादशाह, किल्ले, ताजमहाल, सूफी बुजुर्ग, शायर. हा वरचा डेक आहे. तो सुंदर आहे आणि आपलाच आहे. पण त्यातून दोन तोटे होतात. विरोधकाला म्हणता येते की तुम्ही राज्य करायला आलेले लोक. आणि आपल्या गरीब मुलाला वाटते की या इतिहासात माझा कोणी नाही. दोघांनाही एकच उत्तर पुरेल: इथले बहुसंख्य मुसलमान राज्य करणारे कधीच नव्हते. ते विणकर होते, पिंजारी होते, बागवान होते, खाटीक होते, आणि समुद्रावर ते आगवाले होते. बादशाहाची वंशावळ सांगता न येणाऱ्या मुलाला हे उत्तर जास्त उपयोगी आहे.

पडद्यामागच्या सहलीतही हीच अडचण आहे. तिथे यंत्रे दिसतात, करारनामा दिसत नाही. शीतगृहात किती टन बटाटे आहेत हे सांगतात, बटाटे सोलणाऱ्याचा करार किती महिन्यांचा आहे ते सांगत नाहीत. जहाज अमेरिकेतून सुटते, नोंदणी बहामा किंवा पनामाची असते, कर्मचारी फिलिपिन्स, इंडोनेशिया आणि भारतातले. भारतातले म्हणजे पुन्हा गोवा, मुंबई, कोकण यांचा वाटा मोठा. नाविकांच्या कामगार हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार 2013 पासून लागू आहे, भारताने तो 2015 साली मान्य केला. त्यानुसार चोवीस तासांत किमान 10 तास आणि आठवड्यात किमान 77 तास विश्रांती द्यावी लागते. 36 घनफुटांच्या काळापासून हे खूप पुढचे पाऊल आहे. तरी 168 मधून 77 वजा केले तर 91 तास उरतात, हेही मुलांना वजाबाकी शिकवताना सांगण्यासारखे आहे. आणि एप्रिल 2020 मध्ये कोरोनाच्या काळात 'मरेला डिस्कव्हरी' या क्रूझ जहाजावरचे भारतीय कर्मचारी मुंबईजवळ येऊनही उतरण्याच्या परवानगीची वाट पाहत राहिले होते. प्रवासी केव्हाच आपापल्या घरी पोहोचले होते.

अशी सहल वाईट आहे असे माझे म्हणणे नाही. बंद दारापेक्षा उघडे दार केव्हाही बरे. कोलारा गेटमधून ताडोबात शिरणारा पर्यटक वाघाबरोबर गाइडचे घर, पगार आणि गाव याबद्दल दोन प्रश्न विचारतो, तेव्हा जंगल त्याला जास्त कळते. आता मुंबईहून 2021 पासून 'कॉर्डेलिया'सारखी क्रूझ जहाजे सुटतात आणि आपल्यातले सुस्थितीतले लोकही त्यांवर जातात. कधी ती सहल घडली तर कढया मोजून परत येऊ नका. कढई घासणाऱ्याला त्याचे नाव आणि गाव विचारा. तो मराठीत उत्तर देण्याची शक्यता बरीच आहे.

एक काम मात्र जहाजावर न जाताही करता येण्यासारखे आहे. श्रीवर्धन, मुरूड, दापोली, दाभोळ, खेड, रत्नागिरी या पट्ट्यातल्या कित्येक मुसलमान घरांत पत्र्याच्या पेटीत आजोबा-पणजोबांचे जहाजावरचे कागद असतात: नोकरीचे जुने पुस्तक, एखादा फोटो, परदेशी शिक्का असलेली पाकिटे, मोडक्यातोडक्या उर्दूत लिहिलेली पत्रे. नातवंडांना ती लिपी वाचता येत नाही, म्हणून घर रंगवताना ती रद्दीत जातात. ते कागद देऊ नका. आधी त्यांचे फोटो काढून ठेवा. मग उर्दू वाचणारा कोणी शोधून ती पत्रे वाचून घ्या, आणि जहाजाचे नाव, साल, हुद्दा एका वहीत मराठीत उतरवा. वाचणारा कोणी मिळाला नाही तर मला पाठवा. मी वाचून देईन.